मंत्रचळ

मराठींत 'मंत्रचळ' म्हणून एक शब्द आहे. एकाद्यानें मंत्राचें अनुष्ठान मांडावें, त्यांत कांहीं चूक व्हावी, आणि त्या चुकीमुळें त्याची बुद्धि चळावी, अशी जुन्या लोकांची समजूत. त्या समजुतींतून हा शब्द चालत आला आहे. आमच्या लहानपणीं आळींत एक गृहस्थ राहत. घराला कुलूप घालून ते कोपऱ्यापर्यंत जात, परत येत, कुलूप ओढून पाहत आणि पुन्हां कोपऱ्यापर्यंत जात. "त्यांना मंत्रचळ लागला आहे," असें मातोश्री म्हणत, आणि आम्ही मुलें माडीच्या खिडकींतून त्यांच्या फेऱ्या मोजून हंसत असूं. पुढें इंग्रजी वाङ्मय शिकवूं लागल्यावर डॉक्टर जॉन्सनची गांठ पडली. बॉस्वेलनें १७९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या त्याच्या चरित्रांत, दारांतून आंतबाहेर करतांना ठराविक पाऊलच आधीं पडलें पाहिजे म्हणून तो विद्वान् पुरुष मागें फिरे आणि पुन्हां पावलें जुळवीत येई, असें सांगितलें आहे. वर्गांत हें सांगितलें कीं मुलें हंसत, आणि खरें बोलावयाचें तर त्यांना हंसविण्यासाठींच आम्ही तें सांगत असूं. वीसएक वर्षें हा क्रम चालला. २०१८ च्या जानेवारीनंतर मात्र तो भाग आमच्याकडून शिकवावयाचा राहतो.

त्या वर्षीं आमचे चिरंजीव नऊ वर्षांचे होते व चौथींत शिकत होते. संक्रांत होऊन दहाबारा दिवस लोटले होते. बुधवारीं रात्रीं तो नेहमींप्रमाणें दूधभात खाऊन आणि बहिणीशीं भांडून निजला. गुरुवारीं सकाळीं उठला तो निराळाच मुलगा. दुधाचा पेला समोर ठेवला, तर त्याला हात लावीना. "माझ्या हातांना कांहीं तरी लागलें आहे, तें पेल्याला लागेल," म्हणूं लागला. नळाखालीं हात धरले ते काढीना. दुपारपर्यंत त्याच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. दर पंधरा मिनिटांनीं लघवीला जाई, एकटा दुसऱ्या खोलींत जाईना, आणि आजीच्या पदराला धरून एकच प्रश्न विचारी, "आजी, माझ्यामुळें तुला कांहीं होणार नाहीं ना?" आजीनें "नाहीं रे बाळा" म्हणावें, त्यानें क्षणभर सुस्कारा सोडावा, आणि पुन्हां तोच प्रश्न विचारावा. संध्याकाळपर्यंत हा प्रश्न शंभरदां तरी विचारून झाला असेल.

नियतकालिकांतून लिहितांना लेखकानें स्वतःस 'आम्ही' म्हणण्याची रीत आहे, आणि ती आम्हीही पाळीत आलों आहों. परंतु या हकीकतींत 'आम्ही' हा शब्द बहुतेक ठिकाणीं खरोखरीच दोघांचा, म्हणजे मुलाच्या आईचा व आमचा आहे. जेथें तो एकट्याचा आहे, तेथें तो बहुधा चुकीच्या बाजूस आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

अशीच एक गोष्ट त्याच्या वहीची. दोन दिवसांनीं शाळेंतून वही आली. चिरंजीवांचें अक्षर चांगलें होतें. आम्हीं स्वतः कित्ता गिरवून घेऊन तें वळविलें होतें, आणि त्याचा आम्हांस अभिमानही होता. त्या वहींत बुधवारपर्यंतचीं पानें मोत्यांसारखीं होतीं. गुरुवारच्या पानावर मात्र ओळी समासांत शिरल्या होत्या, काने वांकडे झाले होते, आणि कांहीं अक्षरें खोडून पुन्हां खोडलेलीं होतीं. सारा जन्म उत्तरपत्रिका तपासण्यांत गेलेल्या माणसाला अक्षरावरून माणूस ओळखतां येतो अशी घमेंड असते. आम्हीं त्या पानावरून आळस आणि हट्ट ओळखला, पान फाडलें, आणि तेंच पांच वेळां लिहावयास बसविलें. त्यानें पांचही वेळां लिहिलें. प्रत्येक ओळीनंतर उठून तो हात धुवून येत होता; ओल्या हातांनीं कागद भिजत होता; आणि तोंडांतून एक शब्दही काढीत नव्हता. तीं पांच पानें त्याच्या आईनें जपून ठेवलीं आहेत. कां, तें आम्हीं विचारलेलें नाहीं.

घरांत ही व्याधि आहे हें पहिल्यानें कोणीं ओळखलें असेल, तर तें आमच्या मातोश्रींनीं. त्यांचें वय त्या वेळीं ब्याऐंशी. सोवळेंओवळें त्यांनीं जन्मभर पाळलेलें. तेव्हां नातवाचें हात धुणें पाहून त्या आधीं जराशा खूषच झाल्या होत्या. पण तिसऱ्या दिवशीं रात्रीं आम्हांस जवळ बोलावून म्हणाल्या, "अरे, हें सोवळें नव्हे. सोवळें नेसलें कीं माणसाला निवांत वाटतें. हा पोर भ्यालेला आहे." त्यांनीं मीठमोहऱ्यांनीं दृष्ट काढली हें खरें, परंतु सकाळीं उठून डॉक्टरांकडे जा, हेंही त्यांनींच बजावलें. मानसशास्त्राचीं पुस्तकें आम्हीं त्यानंतर पुष्कळ वाचलीं. भय आणि विधि यांतला भेद इतक्या थोड्या शब्दांत सांगितलेला आम्हांस कोठें आढळला नाहीं.

आम्ही राहतों सांगलीस. मिरज शेजारीं, आणि मिरजेस डॉक्टरांची वाण नाहीं. तरीही तीन आठवडे फुकट गेले. एका ठिकाणीं लाड फार होतात असें निदान झालें, दुसऱ्या ठिकाणीं अभ्यासाचा ताण असें. तोंवर मुलगा भात सोडून बसला होता, कारण शितें मोजल्याशिवाय घांस घेतां येत नव्हता आणि मोजणें पुरें होत नव्हतें. चौथ्या आठवड्यांत एका वयस्क बालरोगतज्ज्ञांकडे गेलों. त्यांनीं दुसरें कांहीं विचारण्याआधीं विचारलें, "हें केव्हां सुरू झालें?" आम्हीं वार, तारीख आणि वेळ सांगितली. ते लिहितांना थांबले. म्हणाले, "हा रोग बहुधा दबकत येतो. केव्हां आला तें आईबापांना सांगतां येत नाहीं. तुम्ही तर घड्याळ लावून सांगतां आहां." मग दुसरा प्रश्न आला: त्याआधीं घसा दुखला होता काय?

घसा दुखला होता. संक्रांतीच्या आधीं चार दिवस तापही होता. औषध दहा दिवसांचें दिलें होतें. तिसऱ्या दिवशीं ताप उतरला, चौथ्या दिवशीं पोर अंगणांत खेळूं लागलें, आणि उगीच पोटांत औषधें कशाला घालावयाचीं म्हणून आम्हीं, म्हणजे एकट्या आम्हींच, तें बंद केलें. बाटली अजून फडताळांत होती. डॉक्टरांना हें सांगतांना आमचा आवाज जड झाला. ते म्हणाले, "पुरें दिलें असतें तर हें टळलें असतें, असें मी सांगूं शकत नाहीं, आणि टळलें नसतें असेंही नाहीं. तें सोडा." सोडा म्हणणें सोपें असतें.

त्यांनीं समजावून दिलें आणि आम्हीं पुढें वाचलें, तें थोडक्यांत असें आहे. स्ट्रेप्टोकॉकस नांवाचे साखळीसारखे दिसणारे जंतु असतात. त्यांची गटवारी रेबेका लान्सफील्ड या अमेरिकन विदुषीनें १९३३ सालीं लावली. त्यांतला 'अ' गट मुलांच्या घशांत वस्तीला येतो. शरीर त्यांच्याशीं लढण्यासाठीं प्रतिद्रव्यें तयार करतें. परंतु हे जंतु धूर्त असून त्यांच्या अंगावरील कांहीं अंश आपल्याच शरीरांतील पेशींसारखे असतात; मग शत्रूसाठीं घडविलेलें शस्त्र घरच्यांवर चालतें. संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा बिघडतात ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळ घरांना माहीत आहे. तिचें मूळ हेंच. टॉमस सिडनहॅम या इंग्रज वैद्यानें १६८६ सालीं मुलांच्या अंगाला आपोआप झटके येण्याच्या ज्या व्याधीचें वर्णन केलें, तीही याच घराण्यांतली; तेथें तडाखा मेंदूच्या तळाशीं असलेल्या, हालचाली व संवयी यांस आळा घालणाऱ्या भागाला बसतो. अशा मुलांत मंत्रचळाचीं लक्षणेंही दिसतात, हें पाहून अमेरिकेंतील डॉ. सूझन स्वीडो व त्यांचे सहकारी यांनीं शोध चालविला, आणि १९९८ मध्यें झटके नसलेल्या, परंतु घशाच्या दुखण्यामागून एकाएकीं मंत्रचळ किंवा अंगविक्षेप सुरू झालेल्या पन्नास मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्या विकाराच्या इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें जुळून 'पँडास' असा शब्द होतो. पुढें इतर कारणांनींही असेंच होतें असें दिसल्यावर २०१२ मध्यें 'पॅन्स' हें व्यापक नांव आलें. एकाएकीं आरंभ, मंत्रचळ किंवा अन्न टाकणें, आणि त्याबरोबर भय, चिडचिड, बाळबोली, झोप मोडणें, वारंवार लघवी, बिघडलेलें अक्षर. बिघडलेलें अक्षर हें त्या यादींत छापलेलें आहे. तें वाचलें तेव्हां रात्रीचे अकरा वाजले होते. त्यानंतर वाचणें झालें नाहीं.

या बाबतींत वैद्यांत एकमत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. घशांत हे जंतु इतक्या मुलांच्या असतात कीं दोन गोष्टी एकामागून एक आल्या म्हणजे एकीमुळें दुसरी झाली, असें म्हणणें धाडसाचें आहे, असा कित्येकांचा आक्षेप आहे. रोग पक्का ठरवील अशी एकही रक्ताची चांचणी नाहीं. जी आहे ती जंतु येऊन गेले इतकेंच सांगते. उपचारांचेंही तसेंच. १९९९ सालच्या एका प्रयोगांत रक्तांतील द्रव बदलल्यानें व इम्युनोग्लोब्युलिन शिरेंतून दिल्यानें मुलांना गुण आला. २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगांत तेंच इम्युनोग्लोब्युलिन आणि खोटें औषध यांत ठळक फरक दिसला नाहीं. आमच्या डॉक्टरांनीं दोन्ही बाजू आमच्यापुढें मांडल्या, आणि मग घशाचें औषध या वेळीं पुरें द्यावयाचें, सूज उतरविणारें साधें औषध कांहीं दिवस द्यावयाचें, व त्याबरोबर मनाची शिकवणी लावावयाची, असें ठरविलें.

ही शिकवणी देण्यासाठीं पुण्याच्या एका मानसोपचार करणाऱ्या बाई मिळाल्या. मुलाची शिकवणी थोडी आणि आमचीच फार झाली. त्यांचें सांगणें असें, कीं मुलगा "आजीला कांहीं होणार नाहीं ना?" असें विचारील तेव्हां उत्तर द्यावयाचें नाहीं. उत्तर दिलें कीं भय क्षणभर निवतें, आणि निवलें म्हणूनच पुन्हां मागावयास येतें. "हा प्रश्न तुझा नाहीं, आजाराचा आहे," एवढें म्हणावयाचें आणि जवळ बसून राहावयाचें. हें ऐकतांना पटलें होतें. घरीं आल्यावर मुलानें विचारलें, आणि आम्ही दोघेही गप्प बसलों, तेव्हां त्यानें आळीपाळीनें आमच्या तोंडांकडे पाहिलें. आपल्या आईबापांनीं आपल्याला सोडलें, असें त्या पाहण्यांत होतें. आतल्या खोलींतून आजीच उठून आल्या आणि "नाहीं रे होणार!" म्हणाल्या. त्यांना दोष कसा द्यावा?

तरी पण गुण आला. औषधानें आला कीं शिकवणीनें, कीं काळानेंच, हें कोणीं सांगावें? पांचव्या आठवड्यांत तो भात मोजल्याशिवाय जेवला. सहाव्यांत काने सरळ झाले. एप्रिलपर्यंत पहिला मुलगा परत आला होता, आणि बहिणीशीं त्याचें भांडणही परत आलें, तेव्हां त्याच्या आईनें गणपतीला पेढे वाहिले.

परंतु हा आजार भरतीओहोटीचा आहे. पुन्हां केव्हां उसळेल याचा नेम नसतो. आमच्याकडे तो दुसऱ्यानें आला २०१९ च्या ऑगस्टांत, आणि आला तो कृष्णेच्या पुराबरोबर. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ पासून उभा आहे. तेथें पाणी पंचेचाळीस फुटांवर गेलें कीं धोक्याचें समजतात. त्या वर्षीं तें सत्तावन फुटांच्या वर गेलें. आमचें घर गांवभागांत. कपडे, औषधें आणि मातोश्री यांना घेऊन आम्ही विश्रामबागेस वडील बंधूंकडे जाऊन राहिलों. त्या घरांत आम्ही धरून अकरा माणसें झालों. गांवाला चोहोंकडून पाण्याचा वेढा, आणि नळाला पाणी नाहीं. टँकर येई, रांग लागे, आणि माणशीं हिशेबानें पाणी वांटून घ्यावें लागे. पुतण्याला घसा धरून ताप होता. पांचव्या दिवशीं सकाळीं चिरंजीव आमच्याजवळ आले आणि कानांत म्हणाले, "बाबा, परत आलें आहे."

तो दहा वर्षांचा होऊन आपल्या शत्रूला ओळखूं लागला होता. एवढ्याचें समाधान मानावें, तर त्याला हवें होतें पाणी, आणि तें घरांत नव्हतें. "एकदांच. अर्धा तांब्या." वहिनी कळवळून म्हणाल्या, "भावोजी, द्या हो त्याला. माझ्या वांट्याचें द्या." त्यांचें मन मोठें. परंतु पाणी असतें तरी द्यावयाचें नव्हतें, हें अकरा माणसांच्या घरांत कोणाला आणि कसें समजावून सांगावें? त्याची आई त्याला घेऊन जिन्याच्या पायरीवर बसली. त्याचे दोन्ही हात तिनें आपल्या हातांत धरले. तो ओरडला, रडला, शेजारचीं माणसें दारांत येऊन उभीं राहिलीं, "आई आहे कीं कोण!" असेंही कोणी म्हणालें. ती हलली नाहीं. पाऊण तासानें त्याचा श्वास मंदावला आणि तो तिच्या मांडीवर झोंपीं गेला. ही हकीकत आम्हांस वहिनींनीं सांगितली. आम्ही तेथें नव्हतों. बादली हातांत घेऊन आम्ही टँकरच्या रांगेंत उभे होतों, आणि त्या दिवशींचा टँकर दोन तासांपूर्वींच येऊन गेला होता.

मिरजेपर्यंत आम्हांला जातां आलें, औषध वेळेवर सुरू झालें, आणि ही उसळी तीन आठवड्यांत ओसरली. पूर उतरल्यावर घर धुवावयास गेलों, तेव्हां गुडघाभर गाळांत चिरंजीव आमच्याबरोबर फावडें घेऊन उभे होते. बाईंनीं सांगितलेल्या शिकवणीचा एवढा मोठा धडा आम्हीं मुद्दाम मांडला नसता.

एक गोष्ट मात्र पुढें महिन्याभरानें कळली. त्या दिवसांत कन्या रात्रीं आपल्या पिण्याच्या बाटलींतलें पाणी गच्चीवर नेऊन भावाच्या हातांवर घालीत असे. ती तेव्हां चौदा वर्षांची. विचारलें तेव्हां म्हणाली, "मला त्याचें रडणें ऐकवत नाहीं. आणि तुम्ही दोघें त्याच्याजवळ असतां, माझ्याजवळ कोणी नसतें. मग मी काय करावें?" या वाक्याचा पूर्वार्ध आम्हांस आधीं ऐकूं आला आणि उत्तरार्ध बराच उशीरा. आजारी मुलाच्या घरांत निरोगी मूल कसें वाढतें, यावर आम्हीं एक ओळही वाचलेली नव्हती. त्यानंतर दर रविवारीं सकाळीं तिनें आणि आम्हीं दोघांनींच फिरावयास जाण्याचा परिपाठ ठेवला. पहिले दोन महिने ती फारसें बोलली नाहीं.

२०२० सालीं सारें जग हात धुवूं लागलें. साबण लावून वीस सेकंद धुवा, असें भिंतीभिंतीवर लिहिलें गेलें. चिरंजीव तें वाचून म्हणाले, "आतां सगळ्यांनाच झालें काय?" आम्ही हंसलों, पण बाईंना दूरध्वनि केला. त्या म्हणाल्या, वीस सेकंद हा नियम, एकविसावें सेकंद आजाराचें. त्यानें हें अक्षरशः पाळलें. शाळा बंद, मुलांची गर्दी नाहीं, त्यामुळें त्या वर्षीं घसाही कोणाचा धरला नाहीं. सर्वत्र भय पसरलेलें असतां आमच्या घरांत तें वर्ष सर्वांत शांत गेलें, हें लिहितांना संकोच वाटतो.

त्यानंतर लहानमोठ्या दोन उसळ्या येऊन गेल्या. वय वाढेल तसतसा हा जोर पुष्कळांत ओसरतो, असें डॉक्टर म्हणतात. तसें आमच्या पाहण्यांत येत आहे. चिरंजीव आतां दहावी ओलांडून गेले आहेत. त्यांच्या घशाची काळजी ते स्वतः घेतात, आणि औषधाचे दहा दिवस दहाच मोजतात.

राहिली आमची गोष्ट. पहिल्या उसळीनंतर डॉक्टर म्हणाले होते, कीं मुलाच्या अक्षरावर नजर ठेवा, तें आधीं बिघडतें. तेव्हांपासून रोज रात्रीं जेवणानंतर त्यानें एका चिठोऱ्यावर एक ओळ लिहावी आणि आम्हीं ती दिव्याखालीं धरून पाहावी, असा नेम सुरू झाला. काना पाहावयाचा, वेलांटी पाहावयाची, कालच्या चिठोऱ्याशीं ताडून पाहावयाचें. कांहीं वेळां निजल्यावर पुन्हां उठून पाहावयाचें, कारण 'र' जरा हलल्यासारखा वाटलेला असे. आजारी नसलेल्या दिवसांचे चिठोरे साठून एक पेटी भरली. गेल्या दिवाळींत आम्ही असेच दुसऱ्यानें उठून दिवा लावला, तेव्हां तो अंथरुणांतून म्हणाला, "बाबा, हा प्रश्न तुमचा नाहीं." पुढचें त्यानें सांगितलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं त्यानें पेटी माळ्यावर टाकली. आम्ही आतां फक्त रविवारीं पाहतों.